काठी कुठून जाणार? दक्षिण कसब्यातल्या एका वाड्याचं प्रकरण

पहिलं सादरीकरण वाड्याच्या ओसरीवरच झालं. डिसेंबरची संध्याकाळ, सतरंजीवर तीस-पस्तीस माणसं, पडदा म्हणून दोन खांबांना बांधलेलं पांढरं धोतर. त्यावर मी, वास्तुविशारद म्हणून, सोलापुरातल्या या वाड्याच्या जागी आखलेलं माझं सांस्कृतिक केंद्र दाखवत होतो. दर्शनी बाजू लोखंड आणि काचेची, पहिल्या मजल्याची गॅलरी बोळावर चार फूट पुढं आलेली, तिच्या पोटाला दिवे. गॅलरीच्या कठड्याला सोलापुरी चादरीवरच्या मोराची नक्षी, पत्र्यात लेझरनं कापलेली. मला ते चित्र तेव्हा फार आवडायचं. विश्वस्तांनाही आवडलं. टाळ्या झाल्या, चहा आला.

चहा घेता घेता मागं खांबाला टेकून बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "साहेब, सगळं भारी आहे. पण काठी कुठून जाणार?"

सोलापूरकराला काठी सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. संक्रांतीच्या सुमाराला ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली अशी श्रद्धा आहे. त्या लिंगांना तैलाभिषेक करायला सात नंदीध्वज निघतात. नंदीध्वज म्हणजे तीस फुटांच्या घरातली उंच काठी. तिला बाशिंग बांधलेलं, कापडानं आणि फुलांनी सजवलेली, आणि पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस ती पेलत चालतो. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून मिरवणूक निघते आणि दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस करत मंदिराकडे जाते. दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडतात. आमचा प्लॉट या वाटेला बोळ फुटतो तिथं, अगदी कोपऱ्यावर.

आजोबांचं म्हणणं साधं होतं. काठी चालताना सरळ राहत नाही, डुलते. पेलणारा तोल धरायला दोन पावलं डावीकडं जातो, दोन उजवीकडं. कोपऱ्यावर बारा फुटांच्या उंचीवर चार फूट पुढं आलेली गॅलरी म्हणजे काठीच्या वाटेत आडवा हात. मी म्हणालो, "अण्णा, मिरवणूक वर्षातून दोन-तीन दिवसांची." ते म्हणाले, "मग तुमचं केंद्र कशासाठी आहे?"

त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी लॅपटॉप मिटला. हे प्रकरण लिहून ठेवतोय ते त्या प्रश्नानंतर काय काय बदलत गेलं, कुठं जमलं आणि कुठं फसलं, यासाठी.

मागणी आणि प्लॉट

संस्थेची मागणी कागदावर दोन ओळींची होती: तीनशे आसनांचं वातानुकूलित सभागृह, एक कलादालन, कॅफे, पार्किंग. प्लॉट ३८ फूट रुंद, ८२ फूट खोल, म्हणजे साधारण २९० चौरस मीटर. तीनशे माणसं नुसती खुर्चीवर बसवायची तरी दोनशे चौरस मीटर जातात. मंच, विंग, येण्याजाण्याचे रस्ते, स्वच्छतागृहं अजून बाकीच. त्यात बोळ साडेचार मीटरचा. मोठा जमाव बसणाऱ्या इमारतीला नियम रुंद रस्ता मागतो आणि ते योग्यच आहे, कारण आग लागली तर बंब कोपऱ्यावरच अडकेल.

खरं तर हा हिशोब मी पहिल्याच दिवशी मांडायला हवा होता. मांडला नाही, कारण सभागृह म्हटलं की वास्तुविशारदाच्या तोंडाला पाणी सुटतं. शहरात हुतात्मा स्मृती मंदिर आहे, फडकुले सभागृह आहे, रंगभवन आहे. कसब्याला चौथ्या सभागृहाची गरज आहे का, हे आम्ही कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

दुसरी भानगड किल्ल्याची. बहमनी काळातला आपला भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१० मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. आम्ही दुसऱ्या पट्ट्यात भरलो. अंतर किल्ल्याच्या तटापासून मोजायचं की संरक्षित हद्दीच्या रेषेपासून, यावर आमच्या कचेरीत दोन दिवस वाद चालला होता. मोजायचं हद्दीपासून. आणि दाखल्यात जी उंची मिळते तिच्यात जिन्यावरची खोली, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी सगळं धरलेलं असतं. जिल्ह्याच्या गावांत टाकीला कुणी उंचीत धरत नाही, तीन मजले चढवून वर काळी टाकी ठेवायची सवयच आहे. आम्ही टाकी जमिनीत घेतली आणि मागच्या नव्या भागाचे दोनच मजले ठेवले. दाखला यायला वेळ लागला, पण त्या वेळेचा उपयोग झाला. तेवढ्यात आम्ही माणसांना भेटलो.

किल्ली कुणाकडं

पहिल्या बैठकीला बायका होत्या, पण बोलल्या एकही नाहीत. अध्यक्ष म्हणाले, त्यांना काही अडचण नाही. मला ते पटलं नाही, पण पर्यायही सुचत नव्हता. आमच्या कचेरीतली एक मुलगी घरी कन्नड बोलते. ती म्हणाली, सर, या गल्लीत निम्म्या घरांत कन्नड आहे, तुम्ही 'संकल्पना' आणि 'बहुउद्देशीय दालन' म्हणत होतात, त्या काय बोलणार?

दुसरी बैठक तिनं घेतली. दुपारी तीन वाजता, वाड्यातच, पुरुष नकोत अशा बोलीवर. मी बाहेर टेलरच्या दुकानात बसलो. आतून आवाज वाढत गेला तेव्हाच कळलं की काम होतंय. तिनं आणलेल्या वहीतला पहिला प्रश्न जसाच्या तसा होता: "कीली यार कडे इरतद?" किल्ली कुणाकडं राहणार?

हा प्रश्न त्या दुकानातल्या स्टुलावर बसून वाचला आणि माझी दोन ओळींची मागणी मोडीत निघाली. बायकांचं म्हणणं असं होतं. भजनी मंडळ दुपारी दोन ते चार बसतं, तेव्हा देवळात पुरुष झोपलेले असतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी कुणाच्या तरी दोन खोल्यांत रांग लागते. यात्रेच्या तीन दिवसांत बाहेरगावचे नातेवाईक येतात, मिरवणूक बघायला आलेल्या बायका तासन्‌तास उभ्या असतात, आणि या पट्ट्यात बाईला जायला संडास नाही. पोरांना अभ्यासाला जागा हवी, पण वाचनालय नको, कारण वाचनालयात बोलू देत नाहीत. कलादालन कुणाच्याच तोंडी आलं नाही. कॅफेचा विषय निघाला तेव्हा हसल्या.

पुरुषांची यादीही नंतर वेगळी निघाली. गणपतीत सोलापूरची मिरवणूक लेझमीसाठी ओळखली जाते. महिनाभर आधी सराव सुरू होतो, तो रस्त्यावरच, आणि तो रस्त्यावरच हवा. त्यांना हवी होती लेझमी, हलग्या, ढोल, झेंडे ठेवायला कोरडी खोली. मोहरमच्या पंजांचं काम बघणारं एक कुटुंब शेजारच्या गल्लीत आहे, त्यांनीही तेच सांगितलं: ठेवायला जागा.

म्हणजे मंच कुणालाच नको होता. मंच त्यांच्याकडं आहे, तो रस्ता आहे, आणि आपल्या कुठल्याही सभागृहापेक्षा मोठा आहे. नव्हतं ते मंचामागचं सगळं: सावली, पाणी, संडास, कोठी, तालमीची खोली आणि दुपारी उघडणारं कुलूप. रंगभूमीच्या भाषेत बोलायचं तर कसब्याला नेपथ्यगृह हवं होतं आणि आम्ही त्याला दुसरा रंगमंच विकत होतो.

माळवद उतरवताना

वाड्याचा मागचा अर्धा भाग पडलेला. पुढचे दोन खण, चौक आणि चौकाच्या तीन बाजूंच्या ओसऱ्या उभ्या होत्या. काळ्या दगडाची, मातीत रचलेली अडीच फुटी भिंत, तळखड्यांवर, म्हणजे बुडाच्या दगडांवर, सागवानी खांब, वर तुळया, फळ्या आणि माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. संस्थेतल्या अर्ध्या लोकांचं मत पाडा, अर्ध्यांचं मत जपा. संरचना बघायला आलेला अभियंता एका शब्दात बोलला: किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३ ची, भूकंपाची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र संपून माणसं नुकती झोपली होती. लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातली कितीतरी नुसती घराच्या वजनाखाली गेली. मातीत रचलेले जाड दगड, आतला आणि बाहेरचा थर जोडणारा आरपार दगड नाही, डोक्यावर टनावारी माती. सोलापुरात त्या पहाटे भांडी वाजली होती ती मला आठवते. तेव्हा मी शाळेत होतो. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी माळवदाखाली बसून एकदा वर बघावं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

माळवद उतरवायला घेतलं त्या दिवशी मी सकाळपासून वरच होतो. गवंडी मिस्त्री सत्तरीचे. त्यांनी कुदळ न घेता खुरप्यानं एका कोपऱ्यात चौकोनी खड्डा घेतला, हातभर लांब, हातभर रुंद, आणि कडा ओल्या फडक्यानं पुसली. कापलेल्या खरवसासारखे थर दिसायला लागले. सगळ्यात वर सिमेंटचा पातळ पापुद्रा, तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला. खाली राखाडी माती. मग पिवळट, मग पुन्हा राखाडी, मग एक बोटभर काळा थर, आणि सगळ्यात खाली घट्ट, जवळजवळ दगड झालेली पांढरी. मिस्त्रींनी पांढरीचा खडा जिभेला लावला. "ही खरी. ही मूळ घराबरोबरची. वरचं सगळं गळती लागली की टाकलेलं." काळा थर कशाचा विचारलं तर म्हणाले, "कुणीतरी शेतातली आणली, अडाणीपणा केला. काळी माती फुगते, भेगा पडतात. म्हणून तर तिच्यावर लगेच दुसरा थर आहे बघा."

टेप लावला, एकोणीस इंच. मूळ थर सात-आठ इंचांचा. बाकी सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची डागडुजी. एकोणीस इंच माती म्हणजे चौरस मीटरला साडेसातशे किलोंच्या पुढं. आणि हे ज्या तुळयांवर होतं त्यांची भिंतीत गेलेली टोकं बोटानं चुरत होती. खोलीत दिसणारा भाग तुपासारखा, भिंतीतला कुजलेला.

निर्णय त्या खड्ड्यापाशी झाला. खांब, तुळया, फळ्या ठेवायच्या, कुजलेली टोकं कापून सागाचाच सांधा द्यायचा, सगळी माती उतरवायची. वर फळ्यांवर जलरोधक थर, उष्णता अडवायला दोन इंची तक्ते, आणि पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी. वजन दोनशे किलोंच्या आसपास आलं. भिंतींत ठरावीक अंतरावर भोकं पाडून आरपार बांधणी केली, माथ्यावर सलग पट्टा फिरवला, आतल्या पोकळ्यांत चुन्याचा रस्सा सोडला. या कामाचा एकही फोटो कुणी काढत नाही. एकूण खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा यात आणि जमिनीखाली गेला, आणि वर्गणीदारांना दाखवायला त्यातलं काही नव्हतं. अध्यक्षांनी हे कसं निभावून नेलं ते त्यांनाच माहीत.

माती पातळ केल्यावर मे महिन्यात आत गरम होईल अशी भीती होती. थोडं होतं. माळवदाची सर तक्त्यांना नाही, हे कबूल.

बोळ चढला, चौक बुडाला

मोजमाप करताना एक विचित्र गोष्ट लक्षात आली. जुन्या लोकांच्या आठवणीत वाड्याच्या कट्ट्यावर चढायला तीन फुटांच्या पायऱ्या होत्या. आता ओसरी बोळापासून चौदा इंच. वाडा खचला नव्हता, बोळ चढला होता. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट, प्रत्येक वेळी जुनं न खरवडता. बावीस इंच. चौकाची फरशी ओसरीपेक्षा दीड फूट खाली, म्हणजे आता ती बोळाच्याही चार इंच खाली गेली होती. पूर्वी चौकातलं पाणी मोरीतून बोळात जायचं, आता बोळातलं पाणी मोरीतून चौकात यायचं.

चौकाची पातळी उचलावी, असं ठेकेदाराचं मत. उचलली तर तळखडे गाडले जातात आणि ओसरीची बसायची उंची जाते. आम्ही मोरी कायमची बुजवली. चौकात एक आड होता, कचऱ्यानं भरलेला. तो उपसला, कडेला गाळ बसायला खड्डा केला आणि चौकातलं पाणी त्यात सोडलं. छपरांवरचं पाणी वेगळं, ते आधी टाकीत. छप्पर सगळं मिळून २१० चौरस मीटर. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला तरी ८४ हजार लिटर होतात. रोज नळ न येणाऱ्या गावात संडास चालू ठेवायचे तर हा आकडा नक्षीपेक्षा महत्त्वाचा.

बोळ चढल्याचा एक फायदा मात्र झाला. चौदा इंच चढायला चाकाच्या खुर्चीसाठी चौदा फुटांचा उतार पुरला. मूळच्या तीन फुटांना छत्तीस फूट लागले असते, ते कुठून आणणार होतो?

नवं नव्यासारखं

मागच्या पडक्या भागाच्या जागी नवी दुमजली इमारत: खाली तालमीची खोली, कोठी आणि संडास, वर एक मोठी खोली, अभ्यासाला आणि वर्गांना. तिचं रूप कसं असावं यावर जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरही झाली नाहीत. एका देणगीदाराला फायबरच्या महिरपी हव्या होत्या, 'वाडा लूक' म्हणून. दुसऱ्यानं गिरणीच्या चिमणीच्या आकाराचा जिना सुचवला. आपल्याकडं जुनी मिल १८७० च्या दशकातली, तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या, आणि एकेक करून बंद पडल्या. ज्यांच्या घरातला माणूस गिरणीतून रिकाम्या हातानं परत आला त्यांच्या दारात शोभेची चिमणी उभी करायला माझं मन घेईना. धोटा, चरखा, चिमणी, मोर: सोलापुरात काहीही बांधायचं म्हटलं की हे चार ठसे तयार असतात. मोराचा गुन्हेगार मीच होतो, म्हणून जास्त बोललो नाही.

शेवटी नवा भाग अगदी साधा केला. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढरा चुन्याचा गिलावा, खिडक्या खोल आणि उभट, फरशी शहाबादची. शहाबाद आपल्या रेल्वेमार्गावरच आहे, दूरचं काही नाही. आणि जुन्या-नव्याच्या मध्ये तीन फुटांची मोकळी पट्टी. अभियंत्याला ती भूकंपासाठी हवी होती: जड दगडी भिंत आणि नवा सांगाडा हादऱ्यात वेगवेगळे हलतात, चिकटून असले तर एकमेकांना ठोकतात. त्याला दोन-तीन इंच पुरले असते. मी तीन फूट घेतले, कारण मला तिथून उजेड हवा होता. आता ती सगळ्या वास्तूतली थंड जागा आहे. बायकांच्या संडासाचं दारही तिथूनच, चौकातल्या पुरुषांच्या नजरेआड.

पुढचं दार, कट्टा, दर्शनी भिंत जशी होती तशी. बोळावर एक इंचही पुढं काही नाही. दिव्याचे खांब, पाटी, पावसाचे नळ, सगळं भिंतीच्या आत घेतलं. पाटी चार लिप्यांत आहे: मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. तेलुगू कशाला, तेलुगू बोलणारे तर शहराच्या पूर्व भागात, असं एकानं म्हटलं. तालमीला पूर्व भागातली पोरं येतात, एवढं उत्तर पुरलं.

आणि टेलर. वाड्याच्या पुढच्या खणात त्यांचं दुकान वडिलांपासूनचं. सुरुवातीच्या नकाशात त्या जागी 'स्वागतकक्ष' होता आणि टेलरला पैसे देऊन उठवायचं ठरत होतं. मी त्यांच्या स्टुलावर बसून बायकांची बैठक ऐकत होतो तेव्हा ते पांढऱ्या बाराबंद्या शिवत होते, यात्रेच्या. बारा बंद मोजून दाखवले. स्वागतकक्ष गेला, टेलर राहिले. आता कुणी नवखा आला की तेच सांगतात, आत कोण आहे, कुलूप कुणाकडं आहे.

फसलेलं

तालमीच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून मी चादरी लावल्या. विणीत किरकोळ दोष असलेल्या, विक्रीतून बाजूला काढलेल्या सोलापुरी चादरी स्वस्तात मिळतात. जाड सूत, दुहेरी टांगलेल्या, भिंतीपासून चार इंच सोडून. टांगण्याआधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून वाळवल्या, आग पटकन धरू नये म्हणून. धुतलं की ते निघून जातं, पुन्हा बुडवायला लागतं, आणि एका दिवाळीला उत्साही मंडळींनी सगळ्या धुऊन इस्त्री करून लावल्या होत्या.

हलगीचं टणत्कारी वाजणं चादरींनी छान पोटात घेतलं. बोलणं, गाणं स्वच्छ ऐकू यायला लागलं. ढोल मात्र ऐकेना. कापड भिंतीपासून जितकं लांब तितका खालचा सूर ते धरतं; चार इंचांवर टांगलेलं कापड साडेआठशे हर्ट्झच्या आसपास नीट काम करतं, ढोलाच्या ऐंशी हर्ट्झसाठी ते साडेतीन फूट लांब टांगावं लागेल. हे मला माहीत होतं, तरी लावलं, कारण चादरीची कल्पना दिसायला सुंदर होती. शेजारच्या भिंतीपलीकडं एक म्हातारी बाई राहतात. त्यांनी तक्रार लेखी नाही केली, त्या रोज संध्याकाळी सातला येऊन तालमीच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागल्या. काही न बोलता. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण त्या खुर्चीपुढं डेसिबल कोण मोजणार? पंधरा दिवसांत ढोल मैदानावर गेले. कोठीत फक्त ठेवायला येतात.

दुसरी फजिती चौकावरच्या कापडाची. विश्वस्तांना चौक पॉलिकार्बोनेटनं झाकून जागा वाढवायची होती. मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. प्लास्टिकखाली माणसं शिजली असती, आणि रात्री आकाशाकडं उष्णता सोडून चौक गार होतो तेही बंद झालं असतं. म्हणून अठरा बाय वीस फुटांचं सुती कापड, दोरी-कप्पीवर सरकणारं. पहिल्याच वळवात, दुपारी चारला, ते शिडासारखं फुगलं आणि दोरी ओवायची भोकं फाटून उडालं. एक दोरी जुन्या सागवानी खांबाला बांधली होती. खांब हलला नाही, पण तळखड्यापाशी बारीक चीर आली. ताशी सत्तर किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या कापडावर आठशे किलोंच्या घरात ओढ येते. हा हिशोब मी वादळानंतर केला. आता तीन अरुंद पट्ट्या आहेत, स्वतंत्र लोखंडी खांबांवर, आणि आभाळ भरून आलं की टेलर दुकानातून उठून गुंडाळतात. त्याबद्दल त्यांचं भाडं कमी केलंय.

चौकात खाली साठ आणि ओसऱ्यांवर तेवढीच, दाटीवाटीनं सव्वाशे माणसं बसतात. मंच नाही. कुणी बोलायला आलं तर ओसरीच्या कोपऱ्यात उभं राहतं. एक कवी खट्टू झाले होते.

दोन वर्षांनंतर

वापराची वही मी अधूनमधून चाळतो. दुपारचं भजन जवळजवळ रोज. वरची खोली परीक्षेच्या दिवसांत रात्री दहापर्यंत भरलेली. यात्रेच्या तीन दिवसांत बायकांच्या संडासापुढं रांग, तेवढ्यात टाकी दोनदा भरावी लागली. चित्रप्रदर्शनं दोन वर्षांत दोन. कलादालन केलं असतं तर त्याला कुलूपच असतं. किल्ल्या तीन आहेत: टेलरकडं एक, संस्थेकडं एक, आणि तिसरी भजनी मंडळाच्या अक्कांकडं, पदराला.

गेल्या संक्रांतीला मी कोपऱ्यावर उभा होतो. पहिली काठी आली, बोळाच्या तोंडाशी पेलणारा थोडा डावीकडं गेला, काठी वर डुलली, आमच्या भिंतीवरून तिच्या बाशिंगाची सावली सरकली, आणि ती पुढं गेली. ओसरीवर, कट्ट्यावर बायका बसलेल्या. हर्रचा गजर झाला. आजोबा कट्ट्यावरच होते. मी विचारलं, "अण्णा, गेली का काठी?" ते म्हणाले, "गेली. वायर तेवढी वर घ्यायला सांगा."

वायरीचा अर्ज दिलाय. त्यापेक्षा घाईचा अर्ज दुसरा आहे. बोळाचं पुन्हा काँक्रिटीकरण मंजूर झालंय, सहा इंचांचा थर. आधीचं खरवडून मग टाका म्हणून आम्ही तीनदा लिहिलं, ओसरीची चौदा इंच उंची आणि चौकाची पातळी नकाशावर लाल शाईनं दाखवली. उत्तर आलं की खरवडण्याची तरतूद अंदाजपत्रकात नाही. कामाला आलेल्या मुकादमाला टेलरनी चहा पाजला आणि आमच्या दारापुढचे वीस फूट तरी आधी फोडून घ्यायला तयार केलं. यंत्र सोमवारी येतंय म्हणे.